शनिवारची अर्धी गोळी

कॉर्बी हार्बर
१४ जानेवारी २०२३

प्रिय आउनेआत्या,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. व्हर्नाबाईंना माझा नमस्कार सांग. सांग म्हणजे काय, त्याच तुला हे वाचून दाखवताहेत आणि उत्तरही त्याच लिहून घेणार. तेव्हा व्हर्नाबाई, थेटच नमस्कार! तुम्ही नसता तर आत्या-भाचीचं हे गुऱ्हाळ कधीच बंद पडलं असतं. हिच्या डोळ्यांनी रजा घेतली, आणि फोन लावावा तर हिच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं.

इकडे छपरावरचं बर्फ या महिन्यात तीनदा ओढून काढलं. शेजारचा रेइनो ऐंशीचा झाला तरी शिडी धरायला येतो आणि मी खाली उतरेपर्यंत बाबांच्या नावाने मलाच रागावतो. वर्गात एकोणीस पोरं आहेत. आठाच्या पाढ्यापाशी सगळ्यांची गाडी अडली आहे.

एक गंमत सांगते. गंमतच म्हणायची. गुरुवारी मुख्याध्यापिका ऑर्डवेबाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांना टपालाने चिठ्ठी आली होती, बिनसहीची. तिसरीच्या बाई घरी गांजाच्या गोळ्या खातात, एवढंच. मी हसून म्हटलं की खाते, आणि बिअरही पिते, ते नाही कोणी कळवलं? ऑर्डवेबाई हसल्या नाहीत. आपल्या राज्यात चार वर्षांपूर्वी कायदा झाला, एकविसाच्या वरच्या कुणालाही मोकळीक आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण कायदा दुकानाला परवाना देतो, शाळेने गप्प बसावं असं कुठे म्हणतो, असं त्या म्हणाल्या. शिक्षकाने गांजाला शिवायचं नाही, हे शाळेच्या नियमांतलं जुनं वाक्य अजून तसंच आहे.

तुला तर सगळं माहीतच आहे. शनिवारी दुपारी दोनला सौनाच्या लाकडी खोलीत वाफ घ्यायची. मग आईची हिरवी खुर्ची, आणि फळाच्या जेलीसारखी ती गोळी. तीही अर्धी. उरलेली अर्धी शिवणाच्या डब्यात, रिळांखाली. नंतर बाबांच्या वायुभारमापकाच्या काचेवर टिचकी मारते आणि विचारते, काय म्हणतोस, म्हातारबा? काटा हलतो आणि मला हसू येतं. हे मात्र कुणाला सांगू नकोस, वेड्यात काढतील. दोन तास डोक्यातली शाळेची घंटा थांबते, बस्स. रविवारी मी चर्चमध्ये असते आणि सोमवारी फळ्यापाशी.

कळव लवकर. लोभ आहेच, तो बर्फाखाली गाडला जाऊ देऊ नकोस.

तुझी भाची,
साइमी

---

वृद्धाश्रम, दुसरा मजला
२० जानेवारी २०२३

चि. साइमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरी, पत्र दोनदा वाचून घेतलं. वायुभारमापकाशी बोलतेस ते ऐकून पोट धरून हसले. तुझा बाप जिवंत असताना कधी एका वाक्यात उत्तर देत नव्हता, आता काट्याने देतो म्हणजे सुधारलाच म्हणायचा.

चिठ्ठीचं मनाला लावून घेऊ नकोस. मी सदुसष्ट साली नोकरीला लागले तेव्हा मास्तरणीने गुत्त्याच्या दारासमोरून जायचं ते रस्त्याच्या पलीकडून, असा अलिखित नियम होता. मी आणि माझ्या शाळेतली मैत्रीण लेम्पी सौनामागे सरोवराच्या पाण्यात बाटल्या गार करायचो आणि दगडाआड बसून प्यायचो. गावाला मास्तरीण हवी असते ती चर्चमधल्या मेणबत्तीसारखी. सरळ उभी, आणि वापर झाला की फुंकर मारून विझवलेली. तू नको तशी होऊस.

व्हर्ना मान खाली घालून लिहिते आहे. ती हसत नाही. मी म्हटलं हेही लिही. लिहिलंन.

वेलदोड्याचा पाव पाठवलास तो वाटेत कडक झाला, तरी कॉफीत बुडवून संपवला. जपून राहा. आणि माझ्यावरची माया थंडीने आखडू देऊ नकोस.

तुझी,
आउनेआत्या

---

कॉर्बी हार्बर
२८ जानेवारी २०२३

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

आज शनिवार आहे आणि मी सौना पेटवलेलं नाही. का ते सांगते, घाबरू नकोस. मीच पुरेशी घाबरले आहे.

दुसरी चिठ्ठी आली. ऑर्डवेबाईंनी मला समोर बसवून वाचून दाखवली, हातात दिली नाही. आत्या, तिच्यात हिरवी खुर्ची होती. अर्धी गोळी होती आणि शिवणाच्या डब्यातली रिळं होती. शेवटी लिहिलं होतं की त्यानंतर ती भिंतीवरच्या यंत्राला टिचकी मारते आणि मेलेल्या बापाशी बोलते. ऑर्डवेबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं की हे खरं आहे का. मी मान हलवली. खरं होतं ना.

घरी आले आणि दारातच उभी राहिले. आत जावंसं वाटेना. हिरव्या खुर्चीच्या खोलीला एकच खिडकी, ती सरोवराच्या बाजूला. तिकडे कुणाचं घर नाही, फक्त बर्फ आणि त्यापुढे धुकं. रेइनोला बोलावलं. त्याने भर दुपारी घराला दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन म्हणाला की पोरी, दहा दिवसांत इथे माणूस फिरकलेला नाही, सशाची, तुझी आणि माझी सोडून पावलं नाहीत. मग तो माळ्यावर चढला, तळघरात उतरला, छुपा कॅमेरा असेल म्हणून दिव्यांच्या टोप्या काढून पाहिल्या. काही नाही. जाताना त्याने विचारलं की तू हे कुणाशी बोलली होतीस का. मी म्हटलं, कुणाशीच नाही. तुझ्याशी बोलणं म्हणजे माझ्या डोक्यात स्वतःशी बोलल्यासारखंच ना, त्यामुळे तोंडात नावच आलं नाही.

खिडकीवर घोंगडी ठोकली आहे. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, मग ती तशी बघवेना म्हणून पुन्हा वळवली. घरात मी आता कुजबुजते. काल वायुभारमापकाचा काटा माझ्या स्पर्शाशिवाय हलला. हवा बदलली की तो हलतोच, हे काय मला ठाऊक नाही? तरी मी त्याच्याकडे पाठ करून जेवले.

वर्गात पोरं गप्प बसली की मला वाटतं, यांना माहीत आहे. काल एकीने चित्र काढलं, घराचं, खिडकी काळी रंगवलेली. मी विचारलं खिडकी काळी का. ती म्हणाली, काळा खडूच उरला होता.

दोन ओळी तरी लगेच पाठव. तुझं पत्र आलं की घरात कुणी आपलं माणूस आल्यासारखं वाटतं.

साइमी

---

वृद्धाश्रम
४ फेब्रुवारी २०२३

चि. साइमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साइमी, तुझं पत्र ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. मागच्या वेळी मी थट्टा केली, ती नको होती करायला. शांतपणे विचार केल्यावर वाटतं की आपण मास्तरणी शाळा सुटली म्हणून सुटत नाही. लोक पोरं म्हणजे स्वतःचं काळीजच मास्तरणीच्या हातात देतात आणि कामावर जातात. त्या हातांनी शनिवारी काय धरलं होतं, हे विचारायचा त्यांना थोडाफार हक्क नाही का?

कुणी काढून टाकण्याआधी आपण होऊन बाजूला व्हावं यात मान आहे. निदान खरं काय ते एकदा स्वच्छ लिहून काढ. किती वर्षांपासून, किती, कुठल्या दुकानातून, शाळेच्या दिवशी कधी घेतलीस का, सगळं. मला पाठव. अक्षरात उतरलं की भीती निम्मी होते. मलाही झोप लागेल.

थंडी फार आहे. छातीत कफ साठला आहे, बाकी ठीक. आपला जिव्हाळा आहे तसा राहो.

तुझी,
आउनेआत्या

---

कॉर्बी हार्बर
९ फेब्रुवारी २०२३

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जरा दुखावले, खोटं कशाला सांगू. पण तू विचारलंस म्हणून लिहिते. तुला नाही तर कुणाला सांगायचं?

तीन वर्षांपासून. शनिवारी अर्धी, कधी उन्हाळ्यात सुट्टीत एखादी बुधवारी. दुकान तासाभरावरचं, परवान्याचं. शाळेच्या दिवशी एकदाही नाही, शाळेच्या आदल्या दिवशीही नाही.

शाळेच्या समितीने लघवीची चाचणी करायला लावली. गांजा सापडला. सापडणारच, तो अंगात आठवडेच्या आठवडे राहतो. चाचणीला शनिवार आणि सोमवार यांतला फरक कळत नाही. शिक्षक संघटनेचा माणूस म्हणाला की पाठदुखीसाठी घेते म्हणून सांग, डॉक्टरची चिठ्ठी आणू, लोक विरघळतील. आत्या, माझी पाठ दुखत नाही. मला बरं वाटतं म्हणून घेते. रेइनोला ब्रँडीने वाटतं तसं. खोटं दुखणं सांगून मी पुन्हा त्याच पोरांना खरं बोला म्हणून कशी शिकवू?

राजीनामा मी देणार नाही. तेवीसला समितीची बैठक आहे. कफाला मिठाच्या गुळण्या कर. तुझा हात डोक्यावर राहू दे.

साइमी

---

कॉर्बी हार्बर
२४ फेब्रुवारी २०२३

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

आणि व्हर्नाबाई, तुम्हालाही. आज थांबू नका. ओळ गाळू नका. हे पत्र तिच्यासाठी आहे आणि ते तिला मोठ्याने वाचून दाखवायचं काम तुमचं आहे.

आत्या, काल शाळेच्या व्यायामशाळेत बैठक झाली. दीडशे माणसं, बर्फातून आलेली. लाकूडतोड्या हाल्वर्सन उठला आणि म्हणाला की मी दर शनिवारी सहा बिअर पितो आणि सोमवारी करवत हातात घेतो, मला कुणी बाटलीत मुतायला सांगितलं नाही. लोक हसले. मग एक आई उठली, माझ्याच वर्गातल्या पोरीची. ती शिव्या देणारी बाई नाही. ती म्हणाली की बाई चांगल्या आहेत, पण माझ्या पोरीला दमा आहे, तिला धाप लागली तर बाईंचं डोकं पूर्ण जागेवर असेल याची खात्री मला हवी, आणि आता ती नाही. मला तिचा राग आला नाही.

मग समितीच्या वकिलाने फाईल उघडली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. हे अक्षर तुमचं का, असं त्याने विचारलं.

माझंच होतं. नऊ तारखेचं पत्र. प्रिय आत्या, सा. न. वि. वि. खाली माझी सही. तुझ्या उशाशी असायला हवं होतं ते पत्र, व्यायामशाळेच्या टेबलावर. त्याच्याखाली दोन्ही चिठ्ठ्या होत्या. पहिल्यांदाच मी त्या डोळ्यांनी पाहिल्या. उजवीकडे कललेलं, नेटकं अक्षर. ज्या अक्षराची मी महिनोन्महिने पोस्टाच्या पेटीपाशी वाट पाहिली, ज्याला मी आत्याचं अक्षर म्हणत होते.

क्षणभर, देवाशपथ, मला वाटलं तूच केलंस. मग लक्षात आलं की माझ्या घरात कुणी शिरलंच नव्हतं. मी स्वतःच दर पंधरवड्याला घर घडी घालून पाकिटात भरत होते.

मी म्हटलं, हो, अक्षर माझं आहे, आणि त्यातला शब्दन् शब्दही. चोरलेलं पत्र असं पुढे आणणं गुन्हा आहे, म्हणून संघटनेचा माणूस ओरडत राहिला. चार विरुद्ध तीन मतांनी मला काढलं. राज्याकडे दाद मागता येईल, वर्ष लागेल. पोरांचा निरोप घेऊ दिला नाही.

व्हर्नाबाई, आता इथे तुमचा आवाज जरा कापत असेल. कापू दे. पण मला एक सांगा. चार तारखेच्या पत्रात आत्या मला साइमी म्हणून हाक मारते. पत्राचा मायना सोडला तर आयुष्यात तिने मला पोरीशिवाय दुसरी हाक मारलेली नाही. ते पत्र कुणाचं?

आत्या, हे तुझ्या कानावर पडलं असेल तर कुणाच्याही हातून कळव. पडलं नसेल, तर मी कुणाला लिहिते आहे हेच मला कळत नाही.

साइमी

---

वृद्धाश्रमाजवळ
१ मार्च २०२३

साइमीस,
स. न. वि. वि.

हे पत्र माझं आहे. व्हर्ना ट्रेगिअरचं.

तुझं चोवीसचं पत्र मी अजून आउनेला वाचून दाखवलेलं नाही. टपाल बर्फात अडकलंय म्हणून सांगितलं. पत्र माझ्या पिशवीत आहे.

चिठ्ठ्यांत मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही, ते तूही मान्य केलंस. का लिहिलं ते ऐक. एकसष्ट साली मी अकरा वर्षांची होते आणि माझी बहीण जेनिफर आठ. तिच्या वर्गाला तांब्याच्या जुन्या खाणीमागे सहलीला नेलं होतं. मास्तर आदल्या संध्याकाळी प्याले होते. गावात सगळ्यांना माहीत होतं की ते पितात, आणि सगळे म्हणत होते की घरी पितात, त्यांचं ते बघतील. सकाळी मास्तर शुद्धीत होते. फक्त जरा मंद. त्यांनी पोरं मोजली आणि एक चुकली. जेनिफर जिथे आत गेली ती जमीन खचलेली जागा स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी होती. तिला वर काढता आलं नाही. ती अजून तिथेच आहे. वर कुंपण घातलंय.

तू म्हणशील, शनिवारची अर्धी गोळी म्हणजे ती दारू नव्हे. असेल. मला तोलता येत नाही. तुझी पत्रं मी मोठ्याने वाचत होते आणि आउने हसत होती, आणि मला एकोणीस पोरं दिसत होती. रोज मोजायचे मी. एकोणीस. एकोणीस.

तू विचारलंस ते पत्र माझं. त्या आठवड्यात आउने तापात होती, बोलत नव्हती. मी पलंगाशी कागद घेऊन बसले ते तिची वाट पाहत. मग हात चालू लागला. चार वर्षं तिचं बोलणं माझ्या हातातून वाहतंय, साइमी. ती श्वास घेते त्यावरून मला पुढचं वाक्य कळतं. ते पत्र लिहिताना मी काही रचतेय असं वाटलंच नाही. ती सांगतेय आणि मी लिहून घेतेय, असंच वाटलं. लिहून झाल्यावर वर पाहिलं तर तिचे ओठ मिटलेले होते. तेव्हा मला स्वतःची भीती वाटली. तरी मी पाकीट बंद केलं. पुढे तुझं उत्तर आलं ते तिला न दाखवता समितीला पाठवलं. ती चोरी होती, ते मी नाकारत नाही.

उद्या तुझं पत्र तिला वाचून दाखवीन. माझ्या नावासकट. त्यानंतर ती मला काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, पण ते मी इथे लिहिणार नाही. तिचं बोलणं आता मी लिहायचं नाही.

लोभ मागायचा मला अधिकार नाही.

व्हर्ना ट्रेगिअर

---

१२ मार्च

पोरी,

हे माझ्या हाताने. पट्टी धरून लिहिते. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. चार दिवस लागले.

व्हर्नाने वाचलं. सगळं. आवाज कापला नाही तिचा. मी तिला जा म्हटलं. ती गेली. आता खोली फार शांत आहे. उत्तर सुचतं आणि घ्यायला कुणी नसतं.

तुला ते चार तारखेचं पत्र खोटं वाटून बरं वाटलं असेल. म्हणून हे लिहावं लागतंय. ते मी सांगितलं नव्हतं. पण बाजूला हो, लोकांना विचारायचा हक्क आहे, हे सगळं माझ्या मनात होतं. पहिलं पत्र ऐकलं तेव्हापासून. तोंडाने थट्टा केली आणि आत ते ठेवलं. कुणाला बोलले नाही. तापातही नाही, नर्सला विचारलं मी. तरी तिच्या हाताला ते कळलं.

नोकरी गेली त्यापेक्षा तुला हे जास्त लागेल.

चाळीस वर्षं मी दगडाआड प्याले, आणि दगडाबाहेर आले की मेणबत्तीसारखी उभी राहिले. तू दगडाआड गेली नाहीस. मला तुझी लाज वाटली नव्हती, भीती वाटली होती. दोन्हींचं बोलणं सारखंच ऐकू येतं.

मी चुकले. हे वाक्य व्हर्नाचं नाही. बघ, किती वाकडं आलंय.

आउने